‘तुझं झालं’ हे केव्हा सांगावे?

पत्र : मी मूळची मिरजेची, वय २६. महाविद्यालयात एकांकिका केल्या आणि गेली दीड वर्षे अंधेरीतील एका कास्टिंग (म्हणजे भूमिकांसाठी नट निवडण्याच्या) ऑफिसात सहायक म्हणून काम करते आहे. आमच्याकडे मुख्यतः मराठी दैनंदिन मालिकांचे काम येते. सांगलीकडच्याच एका अभिनेत्रीला मी चार वेगवेगळ्या मालिकांच्या नायिकेसाठी ऑडिशनला बोलावले. तीन वेळा नकार आला. चौथ्या वेळी दिग्दर्शकांना ती आवडली, पात्राच्या वेशात कॅमेऱ्यासमोर पाहण्याची लूक टेस्टही झाली, आणि त्याच संध्याकाळी आनंदाच्या भरात मी तिला फोन करून ‘तुझं झालं’ असे सांगून टाकले. तिने नोकरीचा राजीनामा दिला. आठवड्याभराने चॅनेलने दुसऱ्या मुलीला पसंती दिली, जिचे इन्स्टाग्रामवर पुष्कळ फॉलोअर्स आहेत. हे तिला कळवण्याचे धैर्य मला झाले नाही. तिला ते प्रोमो पाहून समजले. आता ती माझा फोन उचलत नाही. खरे तर ती फार गुणी आहे. एकदा रडण्याच्या प्रसंगात ती संवाद विसरली आणि पदर सावरत तिने पुढे जे काही केले, त्याने कॅमेऱ्यामागच्या मुलालाही हसू आवरेना. निर्णय शेवटी चॅनेलच घेणार असेल, तर माझ्या नजरेला किंमत काय? हे काम म्हणजे फोन लावणे आणि चित्रफिती पाठवणे एवढेच आहे का? पुढच्या महिन्यात एका कुटुंबाभोवती फिरणाऱ्या विनोदी साप्ताहिक मालिकेच्या ऑडिशन्स सरांनी पहिल्यांदाच माझ्यावर सोपवल्या आहेत आणि माझा आत्मविश्वास पार गेला आहे. मी काय करावे?
— एक सहायक, मुंबई

उत्तर :

तुमच्या हातून चुका दोन झाल्या आहेत आणि त्यांचे वजन सारखे नाही. लूक टेस्टच्या संध्याकाळी तुम्ही ‘तुझं झालं’ असे बोलून गेलात, ही पहिली. ती उत्साहाच्या भरात झाली आणि या व्यवसायात नव्याने आलेल्या बहुतेकांकडून ती एकदा तरी होते. चॅनेलचा निर्णय कळल्यानंतर प्रोमो येईपर्यंत तुम्ही गप्प राहिलात, ही दुसरी, आणि माझ्या मते तीच मोठी आहे. कारण त्या मधल्या दिवसांत ती मुलगी कदाचित आपल्या ऑफिसात जाऊन राजीनामा मागे घेऊ शकली असती. तुमच्या मौनाने तिच्याकडून ती संधी गेली. हे कठोर वाटेल याची मला जाणीव आहे, पण तुम्ही सल्ला मागितला आहे आणि या कामाबद्दल मला जे काही सांगायचे आहे ते सगळे याच एका गोष्टीपाशी येऊन ठेपते, म्हणून ती आधी स्पष्ट केली.

माझ्याकडूनही हे झालेले आहे. वीसेक वर्षांपूर्वी लातूरकडचे एक शिक्षक, जे दरवर्षी राज्य नाट्य स्पर्धेत न चुकता उतरत असत, त्यांना मी एका मालिकेतील वडिलांच्या भूमिकेसाठी ‘बॅग भरा’ असे सांगितले. ते बिनपगारी रजा टाकून मुंबईत आले, डोंबिवलीला बहिणीकडे उतरले आणि वाट पाहत राहिले. तेराव्या दिवशी मला त्यांना सांगावे लागले की कथेत बदल झाला असून नायिकेचे वडील मालिका सुरू होण्याआधीच वारलेले दाखवायचे ठरले आहे. त्यांनी एका शब्दानेही मला दुखावले नाही. उलट स्टेशनबाहेर मलाच चहा पाजला आणि रात्रीच्या गाडीने ते परत गेले. त्यानंतर करारावर सही होईपर्यंत ‘झालं’ हा शब्द मी कोणत्याही नटासमोर उच्चारलेला नाही. माझ्या हाताखाली काम करणाऱ्यांनाही मी पहिल्या दिवशी हीच एक गोष्ट शिकवतो. बाकीचे सगळे त्यांना पाहून पाहून येते.

भूमिका ‘होण्याआधी’ ती किती हातांतून जाते, हे तुम्हाला ठाऊक आहेच, पण नटाला ते ठाऊक नसते आणि आपण ते गृहीत धरतो. चॅनेलकडून किंवा निर्मात्याकडून पात्राचे वर्णन येते. आपण शंभर-दीडशे जणांचे प्रोफाइल चाळून त्यांतल्या काहींना बोलावतो, काहींकडून घरी चित्रित केलेली ऑडिशन मागवतो, त्यांतून चार-पाच नावे दिग्दर्शक आणि निर्मात्यांपुढे ठेवतो, तेथून दोन-तीन नावे चॅनेलच्या क्रिएटिव्ह टीमकडे जातात. मग लूक टेस्ट होते, नायक-नायिका असतील तर दोघांना एकत्र उभे करून जोडी पाहिली जाते, कधी मॉक शूट, म्हणजे चाचणीपुरते चित्रीकरण, होते, आणि एवढे झाल्यावरही मानधन व तारखांवर बोलणी अडू शकतात. या प्रत्येक पायरीवर नटाला सांगण्यासारखे एक खरे वाक्य असते आणि तेवढेच सांगायचे असते. लूक टेस्टच्या संध्याकाळी तुमच्याजवळचे खरे वाक्य असे होते : ‘दिग्दर्शकांना तुझे काम आवडले आहे; चॅनेलने अजून निर्णय दिलेला नाही; दुसऱ्या मुलींचीही टेस्ट झाली आहे; नोकरी सोडू नकोस.’ यात आनंदाला जागा आहे आणि फसवणुकीला नाही. ‘होल्ड’ या शब्दाबाबतही हीच काळजी घ्या. नटाला तारखा राखून ठेवायला सांगताना त्या किती तारखेपर्यंत राखायच्या हे सांगितले पाहिजे आणि त्या तारखेला, निर्णय झालेला नसला तरी, फोन करून त्याला मोकळे केले पाहिजे. तारखा अडकवून ठेवण्याचे त्याला कोणी पैसे देत नाही. असे ‘होल्ड’वर असल्यामुळे एखाद्या प्रायोगिक नाटकाचा दौरा किंवा दोन दिवसांचे जाहिरातीचे काम हातचे गेलेले नट मी पुष्कळ पाहिले आहेत.

नकार कळवण्याची आपल्याकडे पद्धतच नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. ‘कळवतो’ म्हणायचे आणि कळवायचे नाही, हा जणू या क्षेत्राचा नियम होऊन बसला आहे. दीडशे प्रोफाइलना उत्तर देणे शक्य नाही हे मान्य. परंतु जो माणूस बोरिवलीहून किंवा पुण्याहून आपल्या दारात येऊन, पाठ केलेला प्रसंग कॅमेऱ्यासमोर सादर करून गेला, त्याला दोन ओळींचा निरोप पाठवणे अशक्य नसते. ते काम सहायकाचे, म्हणजे तुमचे आहे, आणि ते करण्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही.

आता त्या मुलीबद्दल. फोन उचलत नाही म्हणून वारंवार फोन करू नका. त्यातून तुमच्या मनाचे ओझे हलके करण्याची घाई दिसेल आणि तिला पुन्हा एकदा तुमच्यासाठी वेळ द्यावा लागेल. लेखी निरोप पाठवा, मराठीत आणि पूर्ण वाक्यांत. चॅनेलचे नाव पुढे करून त्यामागे लपू नका. ‘चॅनेलची मंजुरी येण्याआधी तुझे काम झाले असे मी सांगितले, ते चुकीचे होते. निर्णय बदलल्याचे मला कळले तेव्हा मी तुला लगेच सांगायला हवे होते, तेही केले नाही. तुझी नोकरी माझ्या शब्दामुळे गेली. तुझ्या आधीच्या ऑफिसात किंवा दुसरीकडे कोणाला माझ्याकडून वस्तुस्थिती लिहून हवी असेल तर मी लिहून देईन.’ एवढे पुरे. पुढच्या कामाचे आश्वासन या निरोपात अजिबात नको. उत्तर येईल अशी अपेक्षाही ठेवू नका. आणि ही सगळी हकिगत तुमच्या सरांना सांगा, अजून सांगितली नसेल तर. कारण त्या मुलीच्या दृष्टीने शब्द तुम्ही दिला असला तरी तो त्यांच्या ऑफिसाचा शब्द होता.

तुमच्या नजरेला किंमत काय, हा तुमचा दुसरा प्रश्न. येथे मला आपल्या परिसराबाहेरचे एक उदाहरण द्यावेसे वाटते. टेलिव्हिजनसाठी पात्रनिवड करणे हा स्वतंत्र आणि विचारपूर्वक करायचा व्यवसाय आहे, हे ज्यांनी प्रथम दाखवून दिले त्यांत न्यूयॉर्कच्या मॅरियन डॉहर्टी यांचे नाव फार वरचे आहे. १९५०च्या दशकात तेथे नाटके थेट प्रक्षेपित होत आणि दर आठवड्याला नवा नटसंच लागे. तेव्हा डॉहर्टी रोज संध्याकाळी छोट्या-मोठ्या रंगमंचांवरची नाटके पाहत आणि आवडलेल्या नटांची टिपणे छोट्या कार्डांवर लिहून ठेवत. जॉन व्हॉइट या तरुण नटाला त्यांनी ‘नेकेड सिटी’ या मालिकेत एक छोटी भूमिका मिळवून दिली आणि त्यात त्याचे काम अगदीच वाईट झाले. तरीही पुढे ‘मिडनाइट काउबॉय’ या १९६९च्या चित्रपटासाठी त्यांनीच त्याचे नाव लावून धरले, आणि त्या भूमिकेने त्याचे आयुष्य बदलले. हा प्रसंग मला मोलाचा वाटतो तो अशासाठी की वाईट झालेल्या कामातूनही त्यांनी त्या माणसाबद्दल काहीतरी वाचले होते आणि योग्य भूमिका समोर येईपर्यंत ते जपून ठेवले होते. निवडीचा अंतिम अधिकार त्यांच्याकडेही नव्हता. तो कास्टिंग करणाऱ्याकडे जवळजवळ कधीच नसतो. कोणती चार नावे समोर येतील, हे मात्र त्याच्या हातात असते, आणि जे नाव समोरच आले नाही ते कोणी निवडूही शकत नाही.

आपल्याकडे या कामाला स्वतंत्र नाव मिळून फार वर्षे झालेली नाहीत. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले तेव्हा निर्माते आणि दिग्दर्शक स्वतःच रंगभूमीवरची माणसे ओळखून असत आणि त्यांना बोलावून घेत. १९९९मध्ये अल्फा मराठी आली, पाठोपाठ ई टीव्ही मराठी, २००८मध्ये स्टार प्रवाह, २०१८मध्ये सोनी मराठी. रोजच्या मालिकांची संख्या वाढत गेली तसे इतके चेहरे शोधणे दिग्दर्शकाला एकट्याने झेपेनासे झाले आणि आपली ऑफिसे उभी राहिली. त्यामुळे काही निर्मात्यांच्या मनात आजही कास्टिंग म्हणजे ‘माणसे पुरवणे’ एवढेच आहे. तुम्ही स्वतः हे काम तेवढेच मानू लागलात तर ते तेवढेच होऊन बसेल.

पण मग आपली नजर आपण नीट वापरतो का, हेही पाहिले पाहिजे. तुम्ही त्या मुलीला चार वेळा बोलावलेत आणि चारही वेळा नायिकेसाठी. चार मालिकांच्या चार नायिका एकसारख्या होत्या का? मला शंका आहे की तुम्ही भूमिकेसाठी माणूस शोधत नव्हता. आवडलेल्या माणसासाठी भूमिका शोधत होता, आणि तीही सर्वांत मोठी. यामागे प्रेम आहे, गावाकडची ओढ आहे, हे मी समजू शकतो. परंतु यात त्या मुलीचे नुकसान होते, कारण तीन-चार वेळा एकाच प्रकारे पाहून नाकारलेला चेहरा चॅनेलच्या लोकांच्या मनात ‘पाहिलेला’ म्हणून बसतो आणि पुढे योग्य भूमिकेसाठी तिचे नाव आले तरी कोणी चित्रफीत उघडत नाही. ज्याच्यावर आपला विश्वास आहे, त्याला कमी वेळा पाठवावे आणि नेमके पाठवावे.

फॉलोअर्सच्या प्रश्नावर तुमचा राग रास्त आहे, तरी त्यावर भांडून हाती काही लागत नाही. चॅनेलला पहिल्या आठवड्यात प्रेक्षक आणायचे असतात आणि ओळखीचा चेहरा त्यांना सोपा मार्ग वाटतो. मी स्वतः नाव सुचवताना फॉलोअर्सचा आकडा विचारला तर देतो, न विचारता कधी लिहीत नाही. त्याऐवजी सोबत एक छोटे टिपण जोडतो. ‘मुलगी गुणी आहे’ असे त्यात लिहिले तर त्याचा कोणाला उपयोग नसतो. ‘पहिल्या पंधरा भागांत या पात्राला तीन वेळा काही न बोलता घरातल्यांचे ऐकून घ्यायचे आहे आणि ही मुलगी ऐकताना पाहावीशी वाटते, सोबतच्या चित्रफितीत चाळिसाव्या सेकंदापासून पाहावे’, असे लिहिले तर निदान एक जण तरी चाळिसाव्या सेकंदापासून पाहतो. शिवाय दैनंदिन मालिकेत जे प्रत्यक्षात कामाला येते त्याची नोंद ठेवा : महिन्यातले वीस-पंचवीस दिवस, बारा-बारा तासांच्या शिफ्टमध्ये हा माणूस टिकेल का, सेटवर ऐन वेळी हातात पडलेली पाने लवकर पाठ करतो का, सहकलाकाराच्या क्लोजअपच्या वेळीही कॅमेऱ्यामागे उभा राहून मनापासून क्यू (समोरच्या पात्राची वाक्ये) देतो का. मालिका वर्ष-दीड वर्ष चालली आणि मध्येच नायिका बदलण्याची वेळ आली, तर तो फोन कोणाला येतो हे तुम्हाला माहीत आहे. म्हणूनच हे प्रश्न विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

आणि अंधेरीबाहेर पाहा. ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेचे चित्रीकरण सिंधुदुर्गातील आकेरीत झाले, ‘तुझ्यात जीव रंगला’चे कोल्हापूरजवळच्या वसगडे गावात, ‘लागिरं झालं जी’चे सातारा जिल्ह्यात, त्या मातीतले, ती बोली घरात बोलणारे चेहरे प्रेक्षकांनी मनापासून स्वीकारले, ही काही जुनी गोष्ट नाही. मालवणी हेल आठवड्याभरात शिकवून येत नाही आणि कोल्हापुरी रांगडेपणा नुसत्या ‘काय वं’ने साधत नाही. पुण्यातील पुरुषोत्तम, मुंबईतील सवाई आणि आयएनटी या एकांकिका स्पर्धा, ठिकठिकाणच्या राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेऱ्या, विदर्भातील झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम, हे सगळे आपल्या कामाचे भाग आहेत आणि यांतले काहीही मोबाइलवर बसून पाहता येत नाही. तुम्ही मिरजेच्या आहात. गावच्या यात्रेतल्या नाटकांसारखे जे तुम्ही लहानपणापासून पाहिले आहे, ते तुमच्या ऑफिसातल्या किती जणांनी पाहिले असेल? अशी प्रत्येक भेट एका वहीत लिहून ठेवत चला : नट कोण, प्रसंग कोणता, त्याने काय केले, आणि ते पाहताना तुम्हाला काय वाटले. नाकारलेल्यांचीही नोंद ठेवा, किंबहुना त्यांचीच अधिक.

आता तुमच्या विनोदी मालिकेकडे येतो. गंभीर कथानकाचे कास्टिंग आणि विनोदाचे कास्टिंग यांत मोठा फरक आहे. अमेरिकेत एमी पुरस्कारांमध्येही नाट्यमय मालिकेच्या आणि विनोदी मालिकेच्या पात्रनिवडीसाठी वेगवेगळे पुरस्कार दिले जातात, ते उगाच नव्हे. नाट्यमय प्रसंगात एकट्या नटाची चित्रफीत पाहूनही पुष्कळ कळते. विनोद मात्र दोन माणसांच्या मध्ये घडतो. म्हणून ऑडिशनमध्ये समोरून क्यू देणारा माणूस कोण आहे याला विलक्षण महत्त्व आहे. ऑफिसातला कोणीतरी मुलगा कागदावरून सपाट आवाजात वाक्ये वाचत असेल, तर कसलेला विनोदी नटही समोर मरगळतो आणि आपण त्याच्या नावापुढे फुली मारून मोकळे होतो. पैसे मोजावे लागले तरी एक चांगला नट दिवसभर क्यू देण्यासाठी बसवा, आणि सर नाही म्हणाले तर तुम्ही स्वतः बसा. तुम्ही एकांकिका केलेल्या आहेत, तुम्हाला जमेल.

नटाला ‘काहीतरी विनोदी करून दाखवा’ असे कधीही सांगू नका. तसे सांगितले की माणूस तोंड वेडेवाकडे करतो, आवाज चढवतो आणि त्याच्यातले खरे काही दिसत नाही. त्याला असा प्रसंग द्या की ज्यात पात्राला काहीतरी अगदी मनापासून हवे आहे : सासऱ्याला गावी परत पाठवायचे आहे, फ्रीजचा हप्ता चुकल्याचे बायकोपासून लपवायचे आहे. एकदा त्याच्या पद्धतीने करू द्या. मग एकच सूचना बदला, ‘हेच वाक्य घाईत असल्यासारखे बोला’ किंवा ‘समोरचा ऐकत नाही असे समजा’, आणि दुसऱ्यांदा करून घ्या. पहिल्या आणि दुसऱ्या वेळेतला फरक म्हणजे त्या नटाची लवचिकता, आणि साप्ताहिक विनोदी मालिकेत जेथे संहिता वाचनाच्या आणि तालमीच्या वेळीही बदलत राहते, तेथे हीच गोष्ट सर्वांत आधी लागते. हसे कोठे आले याची नोंद त्याच क्षणी करा, कारण पाचव्यांदा तेच ऐकताना तुम्हाला हसू येणार नाही आणि तुम्ही त्या पाचव्या नटावर अन्याय कराल. दिवसभरात एकच प्रसंग वापरू नका. निदान तीन तयार ठेवा.

कुटुंबाची मालिका असल्यामुळे अंतिम फेरीत नटांना एकेकटे न पाहता तिघा-चौघांना एकत्र उभे करा. सगळेच हशा घेणारे असतील तर घर उभे राहत नाही; कोणीतरी विनोदाचा पाया रचणारा लागतो, जो गंभीर चेहऱ्याने प्रश्न विचारतो आणि टाळी दुसऱ्याला मिळू देतो. अशा नटाची ऑडिशन एकट्याने पाहिली तर फिकी वाटते. दूरदर्शनवर चि. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी उभे केले, तेव्हा एकाचा सडपातळ, भेदरलेला सज्जनपणा आणि दुसऱ्याचा भरदार ठामपणा हे शेजारी-शेजारी उभे राहिल्यानेच अर्धे काम होत असे. एकाला काढून घेतले तर दुसरा उणा भासला असता. तेच प्रभावळकर २००१मध्ये ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’मध्ये आजोबा झाले, तेव्हा त्यांनी साठीही गाठलेली नव्हती. म्हणून प्रोफाइलवरच्या वयाच्या आकड्याला भिऊ नका. माणूस किती वर्षांचा आहे यापेक्षा तो किती वर्षांचा ‘वाटू देतो’ हे पाहा.

कुटुंब म्हटले की लहान मूल आले. त्याच्या आईवडिलांना ऑडिशनच्या आधीच नियम सांगा, नंतर नाही. २०१७च्या केंद्रीय नियमांनुसार बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा अधिक आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा अधिक काम देता येत नाही, सलग सत्तावीस दिवसांपेक्षा जास्त काम करवून घेता येत नाही, निर्मात्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते आणि मुलाच्या मिळकतीतील किमान वीस टक्के रक्कम त्याच्या नावे बँकेत मुदत ठेवीत ठेवावी लागते. हे पालकांना ठाऊक नसते आणि सेटवर घाईत कोणी सांगत नाही. तसेच ऑडिशनसाठी किंवा ‘नाव पुढे पाठवण्यासाठी’ कोणत्याही नटाकडून एक रुपयाही घेतला जात नाही, हे तुमच्या सूचनेत ठळक लिहा. आपल्या ऑफिसाच्या नावाने दुसरेच कोणी पैसे उकळत असेल तर ते त्यामुळेच उघडकीला येते.

सर्वांत शेवटी, तुमच्या पत्रातले जे वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात आणि मी मात्र दोनदा वाचले, त्याबद्दल. ती मुलगी रडण्याच्या प्रसंगात संवाद विसरली आणि पदर सावरत तिने जे केले त्याने कॅमेऱ्यामागच्या मुलाला हसू आवरेना, असे तुम्ही लिहिता. चार वेळा तुम्ही तिला रडायला बोलावलेत आणि तिने तुम्हाला एकदा न मागता दाखवून दिले की तिचे बलस्थान दुसरीकडे असू शकते. ती चित्रफीत शोधा, ऑफिसच्या हार्ड डिस्कवर असेलच, आणि तिच्यावरची माया थोडा वेळ बाजूला ठेवून पाहा. ते केवळ गोंधळातून आले होते की तिने चूक हातात घेऊन तिचे काही केले होते? दुसरे असेल आणि तुमच्या नव्या मालिकेत तिच्या वयाची, तिच्या बोलीची सून किंवा नणंद असेल, तर तिला बोलवा.

मात्र दोन्ही निरोप एकत्र पाठवू नका. माफी या आठवड्यात, एकटीच जाऊ द्या. ऑडिशनचे बोलावणे इतर सगळ्यांना जाईल त्या दिवशी, इतरांना जाईल त्याच शब्दांत पाठवा : पात्राचे वर्णन, प्रसंगाची पाने, वार, वेळ, पत्ता, आणि ‘निवड दिग्दर्शक व चॅनेल करतील, निर्णय होकारार्थी असो वा नकारार्थी, अमुक तारखेपर्यंत कळवले जाईल’ ही ओळ. ती आली तर तिला दुसऱ्या कोणाहून जास्त वेळ देऊ नका आणि कमीही देऊ नका. ती आली नाही, तर तिच्या वेळेला प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या मुलीला बोलवा.